तारीख सांभाळणारी माणसं

पानठेल्याच्या काचेवर हरवलेल्या माणसाचं पोस्टर लागतं तेव्हा त्यातला चेहरा रंगीत असतो. नागपूरचं ऊन आधी त्यातला पिवळा खातं, मग लाल, आणि काही दिवसांनी उरतो तो निळसर, कुणाचाही असू शकेल असा चेहरा. झेरॉक्सच्या काळ्या पावडरीत कार्बन असतो, तो उन्हाला दाद देत नाही. म्हणून हे काम वर्षानुवर्षं करणारी मंडळी दोन तऱ्हेच्या प्रती काढतात. रंगीत प्रत दुकानाच्या आत, गल्ल्याजवळ लावायला. काळी-पांढरी बाहेर, उन्हापावसात. खळ मैद्याची, आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे किडे कागद खात नाहीत.

पण चेहरा पुसला जायच्या कितीतरी आधी बरीचशी पोस्टरं निकामी झालेली असतात, कारण त्यांच्यावर तारीखच नसते. ‘काल सायंकाळपासून बेपत्ता.’ कोणतं काल? कुणीतरी त्या कागदाचा फोटो काढतो, तो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, या गटातून त्या गटात फिरतो आणि दोन वर्षांनी परत नागपुरात येतो. तोवर मुलगा घरी आलेला असतो, शाळा बदललेली असते, आणि त्याच्या आईला अनोळखी माणसं फोन करून विचारत असतात, ‘सापडला का?’

बेपत्ता माणसांचा आणि न उलगडलेल्या खुनांचा पाठपुरावा करणारे स्वयंसेवक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मेणबत्त्या आणि बॅनर येतात. मला ही माणसं कॅलेंडर सांभाळणारी वाटतात. प्रकरण मुद्दाम दाबलं जातं असं क्वचित होतं. बहुतेक वेळा ते विझतं, आणि विझतं ते ठरलेल्या दिवशी विचारायला कुणी गेलं नाही म्हणून. या कामात प्रत्येक गोष्टीला मुदत आहे: कॅमेऱ्याच्या चित्रणाला, फोनच्या नोंदीला, शवागारातल्या जागेला, तपास अधिकाऱ्याच्या नेमणुकीला. घरचे लोक त्या दिवसांत धावपळीत आणि रडण्यात असतात. त्यांनी मुदती मोजत बसावं ही अपेक्षाच क्रूर आहे. मग त्या दुसऱ्या कुणीतरी मोजायच्या.

पहिली मुदत तर मुळात अस्तित्वातच नाही. ‘चोवीस तास थांबा, मग या’ हे वाक्य इतक्या जणांनी ऐकलंय की लोक स्वतःहूनच थांबतात. असा कोणताही नियम नाही. ‘मावशी, मैत्रिणीकडे गेली असन, सकाळी या’ असं कुणी म्हटलं तर तिथेच बसून राहायचं, लेखी अर्ज द्यायचा आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यायची. तेवढ्यावरही नोंद होत नसेल तर तोच अर्ज पोलीस उपायुक्तांच्या कार्यालयात द्यायचा किंवा टपालाने पाठवायचा. मूल अठराच्या आतलं असेल तर नुसती मिसिंग नोंद पुरत नाही. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 10 मे 2013 रोजी सांगितलं की हरवलेल्या मुलाची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणूनच नोंदवायची, अपहरण झालं असं गृहीत धरून. तेव्हा ते भारतीय दंड विधानाचं कलम 363 होतं, आता भारतीय न्याय संहितेचं 137(2) आहे. चार महिन्यांत मूल मिळालं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जायला हवा. हा चार महिन्यांचा दिवस स्वयंसेवकाने पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवायचा, कारण तो आपोआप उगवतो पण कागद आपोआप हलत नाही.

सगळ्यात आधी सरतं ते कॅमेऱ्याचं चित्रण. चौकाचौकातले सरकारी कॅमेरे वेगळे, त्यांचं चित्रण पोलीसच काढतात. पण माणूस गल्लीतून निघाला तर त्याला पाहणारा कॅमेरा किराणा दुकानाचा असतो, दवाखान्याचा असतो, कुणाच्या बंगल्याच्या फाटकावरचा असतो. चार कॅमेरे आणि एक टीबीची डिस्क असलेला डीव्हीआर साधारण दहा दिवस ते तीन आठवडे साठवतो, मग जुन्यावर नवं लिहायला लागतो. त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत घरापासून निघणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर पायी फिरून कॅमेऱ्यांची यादी करायची: दुकानाचं नाव, कॅमेऱ्याचं तोंड कुठे, डिस्क किती दिवसांची. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते. डीव्हीआरचं घड्याळ चुकीचं असतं. कधी सात मिनिटं मागे, कधी वीज गेल्यावर वर्षच 2000 दाखवणारं. म्हणून डीव्हीआरचा पडदा आणि शेजारी मोबाइलचं घड्याळ, दोन्ही एकाच फोटोत येतील असा फोटो काढून ठेवायचा. तो फरक नंतर कळत नाही, आणि त्या सात मिनिटांमुळे ‘या गाडीच्या मागून ती गेली’ हे ‘ती गेल्यावर गाडी आली’ असं होऊन बसतं.

चित्रण स्वतः पेनड्राइव्हवर उतरवून वाटत फिरायचं नाही. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं, आणि ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्यानेच ते तपास अधिकाऱ्याला रीतसर दिलं तर ते टिकतं. स्वयंसेवकाने दुकानदाराला एवढंच म्हणायचं, ‘भाऊ, हे पुसू नका, साहेब येतपर्यंत रेकॉर्डिंग बंद करून ठेवा.’ मग लगेच ठाण्यात यादीसह अर्ज. दुकानदार सहसा नाही म्हणत नाहीत. त्यांना कोर्टात बोलावतील याची भीती असते, ती समजून घ्यावी.

फोनच्या नोंदींना वेळ जास्त मिळतो. डिसेंबर 2021 पासून दूरसंचार कंपन्यांना कॉलच्या नोंदी दोन वर्षं ठेवाव्या लागतात, आधी एकच वर्ष होतं. पण त्या पोलिसांनाच मिळतात. दीड वर्ष झालं आणि नोंदी मागवल्या की नाही हे कुणालाच सांगता येत नसेल, तर लेखी विचारायची ती वेळ. आणखी सहा महिन्यांनी मागण्यासारखं काही उरणार नाही.

आता ज्या भागात मला सगळ्यात जास्त जीव वाटतो तो. या कामात दोन याद्या असतात. एकीत नाव आहे, माणूस नाही. दुसरीत माणूस आहे, नाव नाही. दुसरी यादी शवागारात असते, मनोरुग्णालयात असते, निवारागृहात असते, आणि आपल्याकडे ठाण्यात जिला ‘मर्ग’ म्हणतात त्या आकस्मिक मृत्यूच्या नोंदीत असते. दोन्ही याद्या सरकारदरबारी आहेत, काही भाग महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो. त्या शेजारी शेजारी ठेवून ओळीला ओळ लावणं हे कष्टाचं, कंटाळवाणं काम आहे, आणि स्वयंसेवकाने रोज एक तास द्यायचाच असेल तर तो इथे द्यावा.

याद्या जुळत नाहीत त्याचं पहिलं कारण हद्द. मिसिंग शहरातल्या ठाण्याची असते. मृतदेह पारशिवनीकडे कन्हानच्या पात्रात मिळाला तर तो नागपूर ग्रामीणचा. रुळाशेजारी मिळाला तर लोहमार्ग पोलिसांचा. तिन्हींचे वरिष्ठ वेगळे, तिन्हींच्या नोंदवह्या वेगळ्या. कन्हान वर छिंदवाडा जिल्ह्यातून येते आणि खाली वैनगंगेला मिळते, म्हणजे एका नदीसाठी मध्य प्रदेशाची यादी चाळावी लागते आणि भंडाऱ्याचीही. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही मार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. इथे गाडीखाली आलेला माणूस कुठलाही असू शकतो, आणि इथून गाडीत बसलेला कुठेही उतरू शकतो.

दुसरं कारण नावाचं स्पेलिंग. याद्या इंग्रजी अक्षरांत भरलेल्या असतात. विदर्भात आपण ‘व’साठी डब्ल्यू लिहितो, पश्चिम महाराष्ट्रात व्ही. वंजारी दोन तऱ्हांनी शोधावा लागतो, वाघमारे दोन, मेश्राम तर तीन. आडनाव आधी की नाव आधी, हेही दोन्ही प्रकारे. वय पंधरा वर्षांच्या पट्ट्यात शोधायचं, कारण अनोळखी मृतदेहाचं वय अंदाजाने लिहितात आणि गरीब माणूस वयापेक्षा थकलेला दिसतो. घरचे चाळीस सांगतात, पंचनाम्यात पंचावन्न असतं.

तिसरं कारण वर्णन. घरच्यांनी लिहून दिलेलं असतं: रंग गोरा, बांधा सडपातळ. पाण्यात तीन दिवस राहिलेला देह काळवंडतो आणि फुगतो. मर्गच्या नोंदीत येतं: रंग काळा, बांधा जाड. दोन्ही ओळी खऱ्या आहेत आणि एकमेकींना कधीच भेटणार नाहीत. म्हणून घरच्यांकडून माहिती घेताना रंग-बांध्यावर दोन मिनिटं आणि बाकीच्या गोष्टींवर तासभर घालवायचा. दात कोणता पडलेला, कोणत्यावर टोपी. हाड कधी मोडलं, आत सळई आहे का. ऑपरेशनचा व्रण कुठे आणि किती लांब. हातावरचं गोंदण: नाव असेल तर कोणतं, देवनागरीत की इंग्रजीत, एखादं अक्षर चुकलंय का. चुकलेलं अक्षर सोन्यासारखं असतं.

आणि कपडे. ‘निळा शर्ट’ याला काही अर्थ नाही. शर्टाच्या कॉलरच्या आत शिंप्याचं लेबल असतं, बोटभर रुंद, त्यावर दुकानाचं नाव आणि गावाचं. विकतचे कपडे आले तरी तालुक्याच्या गावी अजून कपडे शिवून घेतात, आणि देह ओळखू येत नाही तेव्हाही ते लेबल शाबूत असतं. धुवायला टाकलेल्या कपड्यावर धोब्याची खूण असते, कॉलरला किंवा नाडीच्या नेफ्याला. म्हणून घरच्यांना विचारायचं, ‘दादा, त्याच शिंप्याकडचा दुसरा शर्ट घरी आहे का?’ तो आणायला लावायचा, लेबलाचा जवळून फोटो काढायचा. चपलेचा नंबर, टाचेची झीज कोणत्या बाजूला. कंबरेच्या करगोट्याची गाठ. या गोष्टी विचारताना समोरची आई गप्प होते, कारण आपण कशासाठी विचारतोय हे तिला कळतं. तिला खोटा धीर देऊ नये. ‘मावशी, दवाखान्यातही यावरूनच ओळखतात’ हे खरं आहे, आणि तेवढं बोलणं पुरे.

मेडिकल आणि मेयो ही नागपुरातली दोन मोठी सरकारी रुग्णालयं, दोन्हीकडे शवविच्छेदन होतं. अनोळखी देह ठेवायला जागा मोजकी असते, ठरावीक दिवसांनी तो हलवावाच लागतो. त्यापूर्वी दोन दाढा किंवा मांडीच्या हाडाचा तुकडा डीएनएसाठी राखला गेला का, बोटांचे ठसे घेतले का, एवढंच विचारावं. आणि ओळख पटलेली नसेल तर दहन करू नये, दफन करावं, हा आग्रह धरावा. पुरलेल्या देहाचं हाड पाच वर्षांनीही काढता येतं, राखेतून काही मिळत नाही. कुटुंबाच्या बाजूने आई किंवा वडिलांचा रक्ताचा नमुना पोलिसांमार्फत प्रयोगशाळेत जावा लागतो. आईवडील म्हातारे असतील तर हे आधी उरकायचं. नुसता नमुना देऊन भागत नाही, तो कोणत्या देहाशी जुळवायचा आहे हे कुणीतरी लेखी सुचवावं लागतं. पुन्हा त्या दोन याद्या.

दुसऱ्या यादीतले जिवंत लोक तर आपल्या समोरच असतात. ताजबागेत लंगर असतो, टेकडीच्या गणपतीला प्रसाद मिळतो, गुरुवारी वर्धा रोडच्या साईमंदिरापुढे पानं वाढली जातात. मनाचा तोल गेलेला, घरचा पत्ता विसरलेला माणूस भुकेच्या वाटेने तिथे पोचतो. त्याच्याशी बोलायला दोन-तीन दिवस जावं लागतं. गावाचं नाव तो सांगत नाही, पण गावाजवळची नदी, यात्रा, एसटी कुठली बदलावी लागते हे सांगतो. भाषेचा हेल ऐकायला त्या भागातला माणूस सोबत हवा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 100 मध्ये स्पष्ट आहे की असा बेघर माणूस आढळला तर पोलिसांनी त्याची मिसिंग व्यक्ती म्हणून नोंद करायची आणि त्याचं घर शोधणं ही ठाणेदाराची जबाबदारी. हे कलम छापून खिशात ठेवावं, फार ठिकाणी ते नवं वाटतं. कर्जतला डॉ. भरत वाटवानींच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने रस्त्यावरच्या अशा हजारो रुग्णांना घरी पोचवलंय. 2018 चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला.

नागपुरातच 2021 मध्ये घडलेली गोष्ट मला वारंवार आठवते. रेल्वे स्टेशनवर लहानपणी सापडलेला, नीट बोलू न शकणारा एक मुलगा इथल्या एका घरात दहा वर्षं वाढला. शाळेसाठी त्याचं आधार कार्ड काढायला नेलं तर यंत्र पुन्हा पुन्हा नकार देत राहिलं. कारण त्याचं आधार आधीच निघालेलं होतं, जबलपूरला, हरवण्यापूर्वी. केंद्रातल्या माणसाने तो नकार तांत्रिक बिघाड म्हणून सोडला नाही, मागे लागून मूळ नोंद काढली, आणि मुलाला आईवडील मिळाले. निवारागृहातल्या प्रत्येक अनोळखी माणसाला आधार केंद्रावर न्यावं, आणि ‘रिजेक्ट’ आलं तर आनंद मानावा. मृतदेहाबाबत मात्र हा रस्ता बंद आहे. आधारचे ठसे तपासासाठी पोलिसांना मिळत नाहीत.

म्हाताऱ्या माणसांचं वेगळं. विसरण्याचा आजार असलेले आजोबा भटकत नसतात, ते कामावर निघालेले असतात. एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली, ती बंद पडून कित्येक वर्षं झाली, तिच्या जागी मॉल आहे. पण पहिली पाळी करणारे पाय पहाटे अजून त्या दिशेला वळतात. म्हणून पहिला प्रश्न: आजोबा नोकरीला कुठे होते, आधीचं घर कोणत्या मोहल्ल्यात होतं? त्या वाटेवरचे तर्री पोह्याचे ठेले पहाटेपासून उघडे असतात. तिथे आधी विचारायचं. मे महिन्यात ही शोधाशोध दुपारच्या आत संपायला हवी, पंचेचाळीस अंशांत सत्तरीचा माणूस फार काळ काढत नाही. अर्ध्या किलोमीटरच्या आतली नाली, बांधकामाचा खड्डा, उघडी राहिलेली गाडी हेही त्याच पहिल्या तासात. लोक दूरच्या स्टेशनांवर गाड्या पिटाळतात आणि शेजारच्या अर्धवट इमारतीत कुणी डोकावत नाही.

पोस्टरबद्दल थोडं आणखी, कारण त्यात होणारी चूक जीव घेऊ शकते. मिसिंग क्रमांक किंवा गुन्हा क्रमांक नसेल तर पोस्टर काढायचं नाही, ओळखीचं घर असलं तरी नाही. बायकोला मारहाण करणारा नवराही ‘पत्नी हरवली’ म्हणून फोटो आणून देतो. कागदावर तारीख, ठाण्याचं नाव, ठाण्याचा नंबर आणि स्वयंसेवकांचा एक कायमचा नंबर असावा. घरच्यांचा नंबर अजिबात नको. तो छापला की दुसऱ्या दिवसापासून ‘मुलगी आमच्याकडे आहे, पाच हजार टाका’ असे फोन सुरू होतात, आणि आईबाप टाकतात. मराठीबरोबर हिंदी हवीच, बल्लारशाहकडच्या गाडीत बसल्याचा संशय असेल तर तेलुगूही. सरकारी भिंतीवर, खांबावर विनापरवानगी चिकटवणं 1995 च्या विद्रूपीकरणाच्या कायद्याखाली गुन्हा आहे. पानठेले, औषधांची दुकानं, गणेशपेठचा एसटी स्टँड, मोरभवन, इतवारीचे हमाल, सगळीकडे परवानगी घेऊनच लावावं.

आणि ‘मुलं पळवणारी टोळी’ हे शब्द कधीही लिहू नयेत. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारी, मंगळवेढ्याकडची माणसं. मुलं पळवणारे फिरताहेत हा निरोप फोनाफोनी पोचला होता. तारीख नसलेला, ठाण्याचं नाव नसलेला प्रत्येक निरोप त्याच जातीचा असतो.

माणूस सापडला की पोस्टर काढायलाही जायचं. लावण्याइतकंच ते काम आहे, आणि त्यासाठीच लावतानाच ठिकाणांची यादी ठेवायची. अल्पवयीन मुलाचं नाव-छायाचित्र सापडल्यानंतर फिरवत राहणं बाल न्याय कायद्याच्या कलम 74 च्या विरुद्ध आहे, लैंगिक अत्याचार झाला असेल तर ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा. सज्ञान बाई सापडली आणि म्हणाली, ‘मला घरी जायचं नाही,’ तर विषय संपला. पोलिसांपुढे तिचा जबाब होतो, घरच्यांना ‘ती सुखरूप आहे’ एवढंच कळतं. तिचा पत्ता स्वयंसेवकाला माहीत असला तरी त्याने तो कुणालाही सांगायचा नाही, रडणाऱ्या आईलाही नाही. हे फार जड जातं.

खुनाच्या प्रकरणात घरच्यांना ‘फाइल बंद झाली’ असं कुणीतरी सांगतं आणि ते मान खाली घालून परततात. तपास बंद करताना पोलीस कोर्टाला जो अहवाल पाठवतात त्याला आपल्या राज्यात ‘समरी’ म्हणतात, आणि तिचे प्रकार आहेत. ‘अ समरी’ म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही. ‘ब’ म्हणजे तक्रारच खोटी. ‘क’ म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. यातली कोणती पाठवली हे विचारलं की निम्मा अंधार जातो. समरी मंजूर करण्याआधी दंडाधिकाऱ्यांनी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं ऐकायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये भगवंत सिंग प्रकरणात ठरवलं. त्या वेळी हरकत घेता येते, पुढील तपास मागता येतो. नोटीस जुन्या भाड्याच्या घराच्या पत्त्यावर जाते आणि कुणी घेत नाही, म्हणून पत्ता बदलला की ठाण्यात आणि कोर्टात लेखी कळवायचं. खुनाला मुदतीची मर्यादा नाही. वीस वर्षांनी साक्षीदार बोलला तरी तपास उघडतो.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 193 आहे: तपास कुठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांच्या आत कळवायचं. गुन्हा 1 जुलै 2024 नंतरचा असेल तर एक्क्याण्णवाव्या दिवशी पत्र द्यायचं. माहिती अधिकारात तपासाचा मजकूर मिळत नाही, पण नमुने प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला गेले, अहवाल कधी आला, समरी कधी पाठवली, अशा तारखा मागता येतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, ही महाराष्ट्राची अट. दोन विषय घातले की अर्ज परत येतो. तपास अधिकाऱ्याची बदली झाली की नव्या साहेबांना पहिल्याच आठवड्यात भेटावं आणि सोबत एका पानाचा घटनाक्रम न्यावा: डावीकडे तारीख, उजवीकडे फक्त घडलेली गोष्ट, संशय नाही, विशेषणं नाहीत. केस डायरी त्यांच्याकडे आलेली असते, पण ती वाचायला त्यांना कारण लागतं.

सातत्य काय करतं याचं उदाहरण महाराष्ट्राने पाहिलंय. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर झाला. त्यानंतर दर महिन्याच्या वीस तारखेला कार्यकर्ते त्याच पुलावर जमत राहिले. उच्च न्यायालय अनेक वर्षं तपासावर लक्ष ठेवून होतं. 10 मे 2024 ला दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. जवळजवळ अकरा वर्षं. त्यांच्यामागे गावोगाव शाखा असलेली संघटना होती. कळमन्याच्या हमालाच्या किंवा धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या पोरीमागे काही नसतं. तिच्यासाठी वीस तारीख कुणीतरी ठरवावी लागते.

नागपूरकरांच्या हाती एक गोष्ट अशी आहे जी इतर जिल्ह्यांना नाही: डिसेंबरातलं हिवाळी अधिवेशन. यशवंत स्टेडियमजवळ धरणं धरणाऱ्या शंभर मंडपांत एक मंडप वाढवण्यापेक्षा आमदाराकडून तारांकित प्रश्न विचारून घ्यावा, आणि त्यासाठी दिवाळीच्या आधीच कागद द्यावा. प्रश्न लागला की मुंबईहून ठाण्यापर्यंत फाइल मागवली जाते. उत्तर ‘तपास सुरू आहे’ एवढंच आलं तरी त्या आठवड्यात धूळ झटकली गेलेली असते. वार्ताहरांचंही तसंच. नुसत्या स्मृतिदिनाला ते दुःखाची बातमी एकदा छापतात, दुसऱ्या वर्षी जागा मिळत नाही. त्यांना नवी तारीख द्यावी लागते: अहवाल आला, हरकत दाखल झाली, कोर्टाने विचारलं.

वार्ताहराला सगळं मात्र द्यायचं नाही. जखमा कुठे होत्या, कोणती वस्तू नेली, देह कसा ठेवला होता, यातलं काही बाहेर गेलं नसेल तर ते बाहेर जाऊ देऊ नये. उद्या कुणी येऊन ‘मला माहीत आहे’ म्हणाला तर तो खरंच जाणतो की पेपरात वाचून आलाय, हे त्यावरूनच ठरतं.

कारण कधीतरी फोन येतो. त्यासाठी तो नंबर चालू असावा लागतो. प्रीपेड सिमचा प्लॅन संपला की येणारे कॉलही बंद होतात. वर्षाचा प्लॅन टाकावा, आणि तो कोणत्या दिवशी संपतो हेही त्याच वहीत लिहावं. फोन रात्रीचा असतो, करणारा थोडा प्यालेला असतो किंवा फार हळू बोलतो. त्याला मध्ये तोडायचं नाही. ‘तो निळा शर्टवाला का?’ असं आपण सुचवायचं नाही, ‘काय पाहिलं, सांगा’ एवढंच विचारायचं आणि तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत, वेळेसकट, उतरवून घ्यायचं. नाव विचारलं आणि तो गप्प झाला तर नाव सोडून द्यायचं. ‘भाऊ, उद्या याच वेळी कराल का फोन? मी उचलतो.’ सकाळी ते पान घेऊन ठाण्यात जायचं, पोच घ्यायची, आणि रात्री त्याच वेळी फोन हाताशी ठेवून बसायचं.